अन्नाची ऊर्जा होत नाही: एका ‘उजळणी’ संदेशाचा प्रतिवाद

सातवी-आठवीच्या विज्ञानाची उजळणी म्हणून गोव्यातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्यातील विधाने अशी: झाड मातीतून अन्न घेऊन वाढते, झाडे दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि श्वसन फक्त रात्री करतात (पिंपळ मात्र रात्रीही ऑक्सिजन सोडतो), आपण खाल्लेल्या अन्नाचे शरीरात ऊर्जेत रूपांतर होते, आणि मृत जीव कुजल्यावर त्यांची ऊर्जा मातीतून झाडांना परत मिळते. ही चारही विधाने चुकीची आहेत. द्रव्य आणि ऊर्जा यांचे हिशेब एकमेकांत मिसळल्यामुळे त्यातील बहुतेक गोंधळ झाला आहे.

माती हे झाडाचे अन्न असते, तर जांभ्याच्या उघड्या डोंगरउतारावर, जेथे मातीचा थर जेमतेम असतो, तेथे काजू इतका फोफावला नसता. ही शंका जुनीच आहे. सतराव्या शतकातील वैज्ञानिक व्हॅन हेल्माँट यांनी 200 पौंड वाळवलेल्या मातीत विलोचे रोप लावून त्याला पाच वर्षे केवळ पाणी घातले. 1648 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदीप्रमाणे झाड सुमारे 164 पौंडांनी वाढले आणि मातीचे वजन जवळजवळ 2 औंसांनीच घटले. झाड पाण्यापासून घडते, असा निष्कर्ष त्यांनी काढला, जो अर्धाच बरोबर होता, कारण हवेचा वाटा त्यांच्या ध्यानात आला नाही. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी साधारण निम्मा भाग कार्बनचा असतो आणि तो हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून आलेला असतो. हायड्रोजन पाण्यातून येतो. मातीचा वाटा पाहायचा असेल तर चुलीत काजूचे वाळके लाकूड पूर्ण जळू द्यावे. मागे जी मूठभर राख उरते, त्यात पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस अशी मातीतून आलेली खनिजे असतात. त्यांच्यावाचून झाड जगत नाही हे खरे, परंतु त्यांतून त्याला ऊर्जा मिळत नाही.

दुसऱ्या विधानाला फार वेळ देण्याचे कारण नाही. प्रत्येक जिवंत पेशी चोवीस तास श्वसन करते, पानातीलही. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्यामुळे श्वसन झाकले जाते, इतकेच. याच समजुतीतून रात्री खोलीत रोपे ठेवू नयेत असे म्हटले जाते, पण बंद खोलीत रात्रभरात कुंडीतले रोप जितका ऑक्सिजन वापरते, त्याच्या कितीतरी पट शेजारी घोरणारा भाऊ वापरतो, आणि त्याला कोणी खोलीबाहेर काढत नाही. पिंपळाबद्दल बोलायचे तर ऑक्सिजन पाण्याचे विघटन होऊन सुटतो आणि त्यासाठी प्रकाश लागतो. कुळागरात पिकणारे अननस रात्री पानांवरील सूक्ष्म छिद्रे (रंध्रे) उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते व आम्लाच्या रूपात साठवते हे खरे. पण ऑक्सिजन तेही उजेडातच सोडते.

तिसरे विधान सर्वांत घातक, कारण ते शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडीही सर्रास असते. सकाळी मुलाने उकड्या तांदळाची पेज खाल्ली. तिच्यातील स्टार्च पचून ग्लुकोज तयार झाले. आता 180 ग्रॅम ग्लुकोज शरीरात पूर्णपणे वापरायचे तर 192 ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि त्यातून 264 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व 108 ग्रॅम पाणी तयार होते. दोन्ही बाजूंची बेरीज 372 ग्रॅमच येते. म्हणजे एक कणही ऊर्जेत बदलला नाही. मग सुमारे 670 किलोकॅलरी ऊर्जा आली कोठून? अणूंच्या फेरमांडणीतून. ग्लुकोज आणि ऑक्सिजन यांच्या रेणूंतील बंध तोडायला ऊर्जा खर्चावी लागते, परंतु कार्बन डायऑक्साइड व पाणी यांतील नवे, अधिक बळकट बंध जुळताना त्याहून जास्त ऊर्जा मोकळी होते, आणि हा फरकच पेशींच्या उपयोगी पडतो. एक ग्रॅम द्रव्य खरोखर संपूर्णपणे ऊर्जेत बदलले असते, तर रोज 2,000 किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाला ती 29 हजार वर्षांहून अधिक काळ पुरली असती. पेजेचे भांडे दुसऱ्या दिवशी चुलीवर ठेवावेच लागले नसते. वजन उतरते तेव्हाही चरबी ‘ऊर्जा होऊन’ नाहीशी होत नाही. 10 किलो चरबी पूर्णपणे वापरली गेली, तर तिच्यातील सुमारे 8.4 किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने उच्छ्वासातून बाहेर पडते आणि उरलेल्याचे पाणी होते.

चौथ्या विधानाला माडाच्या आळ्यात तारल्या पुरण्याची जुनी पद्धत पुरावा म्हणून दिली जाईल, म्हणून तेथेच थांबून पाहू. मासळी कुजते म्हणजे जीवाणू व बुरशी तिचे अन्न करतात. त्यातील ऊर्जा ते स्वतःच्या जगण्यासाठी वापरतात आणि ती अखेर उष्णता होऊन विखुरते. माडाला मिळतात ती नायट्रोजन आणि फॉस्फरस यांची साधी संयुगे. ही द्रव्ये फिरत राहतात: मासळीतून मातीत, मातीतून झावळ्यांत, झावळ्या कुजल्यावर पुन्हा मातीत. ऊर्जेला असा परतीचा मार्ग नाही, कारण विखुरलेल्या उष्णतेपासून कोणतीही वनस्पती साखर बनवू शकत नाही. तारल्या कितीही पुरल्या, तरी दाट सावलीत लावलेला माड खुरटतो, तो याचमुळे.