बाबा, हलू नकोस

मुलीचा मेडिकलला नंबर लागला तेव्हा ओळखीच्यांनी मला पुष्कळ सावध केलं. जाड पुस्तकं, जागरणं, वाढत जाणारा चष्म्याचा नंबर, सगळं सांगून झालं. सुट्टीत पोर घरी आली की तिला सरावासाठी एक देह लागतो, एवढं मात्र कुणी बोललं नाही. बायकोने पहिल्याच दिवशी "मला गुदगुल्या होतात" म्हणून अंग काढून घेतलं. आमच्या आईच्या हाडांना हात लावायची कुणाची छाती नाही. राहता राहिलो मी.

सुरुवात मनगटापासून झाली. मनगटात आठ हाडं असतात हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर मनगट म्हणजे घड्याळ बांधायची जागा अशीच माझी समजूत. एक हाड नावेसारखं, एक चंद्रकोरीसारखं, एक वाटाण्याएवढं. ती बॉलपेनने माझ्या कातडीवर हद्दी आखत होती आणि मी हुंकार भरत होतो. माणसाच्या २०६ हाडांपैकी १०६ दोन पंजे आणि दोन पावलं यांतच असतात म्हणे. त्यामुळे पहिले तीन दिवस तिथेच गेले. शाई धुऊन जात नाही, हे ऑफिसात सही करताना लक्षात आलं. साहेब हळूच म्हणाले, "गोंदवून घेतलंत?"

मग आला तो अपमान. "बाबा, अंगठा आणि करंगळी जुळव. आता मनगट जरा आत वाकव." असं केलं की मनगटाच्या मधोमध दोरीसारखी एक कंडरा, म्हणजे टेंडन, वर येते. तिच्या हातावर आली. लांबून बघणाऱ्या आईच्याही हातावर आली, आणि तिने ती सगळ्यांना दोनदा दाखवली. माझ्या दोन्ही मनगटांवर काही म्हणजे काही उगवलं नाही.

"अय्या, तुझ्यात हा पामॅरिस लाँगस स्नायू नाहीच!"

"म्हणजे?"

"काही जणांना जन्मतःच नसतो. काही बिघडत नाही. दुसरीकडे कुठे टेंडन तुटला तर सर्जन हाच काढून तिकडे लावतात."

म्हणजे सुटे भाग म्हणूनही मी निकामी. बायको एवढंच म्हणाली, "मला लग्नाआधी सांगायला हवं होतं."

पोटाचा दिवस त्यातल्या त्यात बरा गेला. एक बोट पोटावर सपाट ठेवायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर टकटक करायची. यकृतावर आवाज बद्द, हवा भरलेल्या जठरावर ढोलासारखा. ही युक्ती आउएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरने १७६१ मध्ये छापून जाहीर केली. त्याचे वडील खानावळवाले. पिंपात दारू किती उरली ते पिंप वाजवून बघायचे, त्यावरून त्याला हे सुचलं असं सांगतात. माझ्याकडे बघून हीच गोष्ट तिला का आठवली, हे मी विचारलं नाही.

शेवटी ब्लड प्रेशर. त्याच्या अटी लग्नाच्या बोलण्यांपेक्षा जास्त. पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या उंचीवर आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. शेवटची अट ऐकून बायकोने हे यंत्र घरीच ठेवून जायला सांगितलं. दंडाला पट्टा आवळला. कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप टेकवून ती हळूहळू हवा सोडू लागली. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके विरतात तो खालचा. १९०५ मध्ये कोरोटकॉफने हे शोधलं तेव्हापासून डॉक्टर असेच कान लावून बसतात. तिने कान लावला, भुवया चढवल्या, पुन्हा हवा भरली. तिसऱ्यांदाही तेच. १५२ आणि ९६.

माझ्या घशाला कोरड पडली. तिने मात्र वही उघडली. "मीठ? झोप? चालू असलेली औषधं?"

"औषध कसलं! खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळतो. दीड महिना झाला."

"आयुर्वेदिक आहे. झाडपाल्याने अपाय होत नाही," आई म्हणाली. पुरवठा तिचाच होता.

"आजी, हृदयाचं औषध डिजिटॅलिस झाडाच्या पानातूनच आलं. डोस चुकला तर माणूस जातो," असं म्हणत पोरगी पळत जाऊन पुढच्या वर्षाचं जाडजूड पुस्तक घेऊन आली. ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन असतं. त्यामुळे मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडतं, शरीर मीठपाणी धरून ठेवतं, पोटॅशियम गमावतं आणि प्रेशर चढतं. वाचता वाचता तिचा चेहरा असा फुलला, की प्रवेशाच्या यादीत नाव बघूनही फुलला नव्हता. "बाबा, तू अगदी पुस्तकातली केस आहेस!"

पामॅरिस लाँगसचं दुःख थोडं हलकं झालं.

ज्येष्ठमध तत्काळ जप्त झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी खऱ्या डॉक्टरांकडे जायचं, पोटॅशियम तपासून घ्यायचं, असं ठरलं. आई डबी घेऊन रागाने आत गेली. मग पोरीने आवाज एकदम मऊ केला.

"बाबा, रविवारी माझ्या चार मैत्रिणी येणार आहेत. त्यांना तुझी हिस्टरी घेऊ देशील? फक्त ज्येष्ठमधाचं आपणहून सांगू नकोस. त्यांना ओळखू दे."

शर्ट काढावा लागेल का, एवढंच मी विचारलं.