लुंबिनी ‘खरं तर भारतातच’? नाही

बुद्धपौर्णिमा जवळ आली की हा मेसेज फिरू लागतो: ‘बुद्ध भारतातच जन्मले, तेव्हा नेपाळ नव्हताच. खरं कपिलवस्तू उत्तर प्रदेशात पिपरहव्याला आहे. नेपाळने 1997 मध्ये युनेस्कोकडून लुंबिनी नावावर करून घेतली. आपल्याला तिकडे जायला कुठलाच कागद लागत नाही.’

तेव्हा नेपाळ नव्हता, हे खरं. पण आजचा भारतही नव्हता. बुद्धांच्या शाक्य कुळाचं गणराज्य होतं, कोसल राज्याच्या वर्चस्वाखालचं. आजची सीमा लावायची तर दोघांनाही लावा. लुंबिनी आज नेपाळच्या रुपन्देही जिल्ह्यात आहे. ऑगस्ट 2020 मध्ये बुद्धांना भारतीय म्हणण्यावर काठमांडूने हरकत घेतली, तेव्हा भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानेही हेच सांगितलं. अर्थात नेपाळी गाड्यांवरच्या ‘बुद्ध नेपाळमध्ये जन्मले’ या स्टिकरांनीही बुद्धांना नागरिकत्वाचा दाखला मिळत नाही.

कपिलवस्तूचा वाद खरा आहे. पिपरहव्याला ‘कपिलवस्तू भिक्षुसंघ’ असा उल्लेख असलेल्या मातीच्या मुद्रा उत्खननात निघाल्या. नेपाळ आपल्याकडच्या तिलौराकोटकडे बोट दाखवतो. पण तो वाद शाक्यांच्या राजधानीचा. जन्मस्थळ वेगळं.

युनेस्कोने 1997 मध्ये वारसायादीत नोंद केली, एवढंच. पुरावा अशोकाच्या स्तंभावर आहे. तो 1896 मध्ये ओळखला गेला. ब्राह्मी लिपीत लिहिलंय: ‘हिद बुधे जाते सक्यमुनी’, इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले. अभिषेकाला 20 वर्षं झाल्यावर राजा स्वतः आला, त्याने लुंमिनिगावाचा ‘बली’ हा कर माफ केला, उत्पन्नातला वाटा आठवा ठेवला. करसवलत द्यायची तर गाव नेमकं कोणतं, हे ठाऊक असावंच लागतं!

कागदांबद्दलचा सल्ला मात्र सहल बिघडवणारा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, ओळखपत्र लागतं. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. 15 ते 65 वयोगटाला विमानप्रवासात आधार चालत नाही. रस्त्याने गोरखपूर ते सीमेवरचं सोनौली साधारण 95 किलोमीटर, पलीकडे नेपाळचं बेलहिया, मग भैरहवा, तिथून लुंबिनी 22. स्वतःची गाडी असेल तर बेलहियाला ‘भन्सार’, म्हणजे सीमाशुल्क, भरावा लागतो. तो दिवसांवर असतो, म्हणून परतीचा दिवस धरूनच पावती घ्या. मुदत उलटली की दंड. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी होतात.

सोबत परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक असतील तर ओसीआय (भारताचं परदेशस्थ नागरिक) कार्ड नेपाळमध्ये व्हिसाचं काम करत नाही. आणि भारताचा एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन आलेले यात्रेकरू लुंबिनी पाहून परत भारतात श्रावस्तीला निघाले, की सोनौलीलाच अडकतात.