जिन्यावर काच टाकताय? आधी सांध्यांचं बघा

रो-हाउसच्या मधल्या भागात अंधार असतो, त्यावर उपाय म्हणून एका लेखात जिन्यावर काचेचं छत सुचवलंय. जागा अचूक, पण सपाट काच नको. स्लॅब कापण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवाच, मुख्य सळ्या तुटल्या तर कडेला बीम द्यावा लागतो. भोकाभोवती निदान 150 मिमी उंच काँक्रीटचा कठडा करून वॉटरप्रूफिंग त्यावर चढवा. पावसाळ्यात काच नाही गळत, स्लॅब आणि काचेमधला हा सांधा गळतो! काच लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर, फुटली तरी तुकडे चिकटून राहतात) घ्या. नुसती टफन्ड (तापवून कडक केलेली) फुटली की सगळे तुकडे जिन्यात. उतार उत्तरेकडे, वरच्या टोकाला गरम हवा बाहेर जायला जाळी लावून लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची झडप), नाहीतर एप्रिलमध्ये भट्टी. उजेडासाठी स्वयंपाकघराची भिंत मात्र पूर्ण पाडू नका (फोडणीचा ठसका घरभर). त्या भिंतीत ओट्याच्या वर सरकती खिडकी ठेवली तरी पोळ्या लाटताना मुलांचा अभ्यास दिसतो.