हाय खाल्ली!

तोक्योच्या ऑफिसातला माझा तिसरा आठवडा. मीटिंगमध्ये मी नव्या सर्व्हरचा प्रस्ताव मांडत होतो आणि समोरचे आठही जण वाक्यावाक्याला मान डोलवत ‘हाय, हाय’ म्हणत होते. जपानीत ‘हाय’ म्हणजे हो, एवढं शिकूनच मी विमानात बसलो होतो. शेवटी विभागप्रमुखांनी मान तिरकी केली, दातांतून स्सss करून हवा आत ओढली आणि म्हणाले, "केन्तो शिमास." म्हणजे विचार करतो. मी दुपारीच डेटा हलवायला घेतला.

"अहो, काल ते नाही म्हणाले ना?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हळूच विचारलं.

"कधी?"

"हवा ओढली तेव्हा."

तिथे मी खरी हाय खाल्ली. त्यांचं ‘हाय’ म्हणजे नुसता हुंकार. आजीच्या गोष्टीत आपण ‘हूं’ म्हणतो, म्हणून राक्षसाने राजकन्या पळवायला आपली संमती असते थोडीच! आणि ‘विचार करतो’ म्हणजे मुलगी बघून निघताना म्हटलेलं ‘कळवतो’. हे मराठी माणसाला कळू नये?

मीटिंग ही ठरवायची जागाच नव्हे, हेही बाईंनीच सांगितलं. आधी एकेकाला गाठून मन वळवायचं. त्याला म्हणतात नेमावाशी. शब्द माळीकामातला: झाड हलवण्याआधी मुळांभोवती खणून ठेवणं. मी झाड उपटून मातीसकट टेबलावर ठेवलं होतं.

मग दोन महिने खणलं. कॉफी मशीनपाशी, लिफ्टमध्ये, एकदा तर स्मोकिंग रूममध्ये. (मी ओढत नाही. खोकलो भरपूर.) त्यानंतर प्रस्तावाचा कागद शिक्क्यांसाठी फिरू लागला. हे हान्को शिक्के सरकारी कामातून हटवायची मोहीम मंत्री तारो कोनो यांनी २०२० मध्ये काढली होती. आमच्या मजल्यावर ती पोचली नव्हती. मीही शिक्का करून घेतला. कुलकर्णीचं जपानीत ‘कुरुकारुनी’ झालं आणि ती पाच अक्षरं शर्टाच्या बटणाएवढ्या वर्तुळात दाटीवाटीने बसली.

मी शिक्का सरळ मारणार, तोच बाई दचकल्या. "डावीकडे कलता मारा. साहेबांचा शिक्का डावीकडे असतो. आपल्या शिक्क्याने त्यांना वाकून नमस्कार करायचा."

सगळीकडे नसते म्हणे ही रीत, आमच्याकडे होती. मी जरा जास्तच मनापासून कलवला. उचलून पाहतो तर कुरुकारुनी साहेबांच्या रकान्यापुढे आडवे. साष्टांग.

बाईंनी कागद पाहिला आणि दातांतून हवा आत ओढली.