लेकरू पाचवीत राहिलं? मग असं करा

पहिली गोष्ट, निकालाला पांढरा शर्ट घालून जाऊ नका. १ मे असतो, झेंडावंदन असतं, आपल्याला वाटतं जरा बरं दिसावं. झेंडावंदन झालं की सर माइकवरून नावं वाचतात आणि म्हणतात, "एवढ्या पालकांनी थांबा, बाकीचे निघाले तरी चालेल." बाकीचे निघत नाहीत. कोण थांबलंय ते बघायला तेही थांबतात. आम्ही सात जण होतो. मळखाऊ रंगाचा शर्ट असता तर लिंबाच्या झाडामागं खपून गेलो असतो, पण कडक इस्त्रीचा पांढरा लांबून दिसतो.

थांबलात की एक कागद मिळेल. त्यावर 'नापास' शोधत बसू नका, डोळे दुखतील. 'पुनर्परीक्षेस पात्र' असं लिहिलेलं असतं. पात्र! आमच्या घरात आजवर कुणी कशालाच पात्र ठरलेलं नाही. भाऊ घरकुलाला अपात्र, वडील अनुदानाला अपात्र, बायको त्या दीड हजाराला दोन महिने पात्र आणि मग अपात्र. घराण्याचं नाव काढलं ते या दहा वर्षांच्या पोरानं. पेढे आणायला हरकत नाही. पाव किलोच आणा.

नियम पाठ करून ठेवा, पाहुण्यांना समजावून सांगावे लागतात. पाचवीला प्रत्येक विषय ५० मार्कांचा, पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८. आठवीला ६० पैकी २१. कमी पडले तर सगळे विषय मिळून १० मार्क सवलतीचे, पण एका विषयाला ५ च्या वर नाहीत. तरी राहिला तर जूनमध्ये पुनर्परीक्षा, आणि तिच्यातही राहिला तर त्याच वर्गात. आमच्याला परिसर अभ्यासात १२ पडले. १२ अन् ५ किती झाले? मी आडतीवर दिवाणजी आहे, उभा जन्म बेरजा करण्यात गेला. ही बेरीज वरून खाली केली, खालून वर केली. १७ च येते.

सवलत हवी असेल तर सोयाबीनच्या जन्माला यावं लागतं. सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत, हा नियम आमच्या धंद्यात शेंबड्या पोराला माहीत. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचं मतदान तोंडावर आलं आणि दिल्लीहून निरोप आला, १५ पर्यंत चालेल, घ्या. पोरांना मत नसतं. त्यांचा काटा १२ लाच अडतो.

अक्काचा फोन उचलू नका.

पेपर बघायला मागू नका. मी मागितला, ती चूक झाली. सर भला माणूस, त्यांनी स्टाफरूममध्ये बसवून दाखवला. प्रश्न असा: 'तुमच्या परिसरातील पाण्याचे कोणतेही दोन स्रोत लिहा.' दोन मार्कांना. आमच्या चिरंजिवांनी टप्पोऱ्या अक्षरात उत्तर लिहिलेलं: १) टँकर. २) काकूंचा बोअर. दोन्हींवर लाल फुली. मी म्हटलं, "सर, बरोबर तर आहे की." सर म्हणाले, "नमुना उत्तरात नदी, तलाव, विहीर दिलंय." म्हटलं, "आणि बोअर?" "बोअर चालवून घेतला असता हो. पण त्यानं काकूंचा लिहिलंय."

आता आम्ही राहतो लातुरात. आमच्या वस्तीत नळ आहे, पाइप आहे, मीटरसुद्धा आहे, पाणी तेवढं यायचं राहिलंय. एप्रिल २०१६ मध्ये या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, साडेतीनशे किलोमीटरवरून. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि फलाटावर हार घेतलेले लोक. हे लेकरू तेव्हा सव्वा वर्षाचं होतं, त्याची आंघोळ आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्यानं उरकायची. त्यानं स्रोत म्हणून 'मिरज' लिहिलं नाही, हेच उपकार. नदी कुठली लिहायची त्यानं? मांजरा? ती त्यानं पुलावरून पाहिलीय, तिच्यात तेव्हा ट्रॅक्टर चालत होता. घरामागच्या काकूंचा बोअर त्यानं रोज पाहिलाय, बादली घेऊन रांगेत उभा राहिलाय तो. परिसर अभ्यास म्हणजे आणखी काय असतो? परिसर आमचा आणि उत्तर पुण्याचं!

असो. सल्ले द्यायला बसलोय.

फॅमिली ग्रुपवर कुणी 'निकाल काय मग?' विचारलं, तर महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छांचं चित्र टाका. दुसऱ्यांदा विचारलं, तर तेच चित्र पुन्हा टाका.

क्लासवाल्यांशी नम्रपणे बोला. लातुरात राहून लेकरू पाचवीत राहणं म्हणजे साखर कारखान्याच्या दारात बसून फिका चहा पिणं. अख्ख्या महाराष्ट्रातून लोक पोरं इथं आणून सोडतात, घरं भाड्यानं घेतात, आया वर्षभर इथं राहून डबे करतात, आणि लातूर पॅटर्नच्या या गावात जन्माला येऊन तुमचा गडी परिसरात अडकतो! त्यामुळं निकालाच्या तिसऱ्या दिवशी मला फोन आला. नंबर कुठून मिळाला, विचारू नका. ट्यूशन एरियातला एक क्लास, पाचवी पुनर्परीक्षा स्पेशल बॅच, एकवीस दिवस, आठ हजार रुपये, टेस्ट सिरीज फ्री. गेलो बघायला. एसी ऑफिस, भिंतीवर पांढऱ्या कोटातल्या पोरांचे फोटो, समोर लॅपटॉप घेतलेली पोरगी. तिनं विचारलं, "सर, विद्यार्थ्याचं ड्रीम काय आहे?"

म्हटलं, "सहावी."

तिनं लिहून घेतलं.

प्रगतीपुस्तकं जपून ठेवा, रद्दीत घालू नका. करमणुकीला बरी पडतात. आमच्याची पहिलीपासूनची आहेत. अ-२, ब-१, अ-२. खाली नोंदी: 'उपक्रमात उत्साहाने भाग घेतो.' 'परिसरातील घटकांविषयी जिज्ञासू आहे.' चौथीला ही नोंद, आणि पाचवीला त्याच परिसरात १२! तिसरीच्या पुस्तकात तर 'रांगोळी सुबक काढते' असंही आहे. काढते! कुणीतरी व्हॉट्सॲपवरून आलेल्या नोंदींची फाइल उघडली, वरून खाली उतरवत गेलं आणि वर्गातल्या पोरींची रांगोळी आमच्या पोराच्या पदरात पडली. मी त्या नोंदीखाली पालकाची सही केलेली आहे. झोकात, इंग्रजीत.

सरांवर मात्र रागावू नका. दोन वर्षांत त्या माणसानं मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण घरोघर फिरून केलं, लोकसभा केली, विधानसभा केली, मधल्या वेळात मतदार याद्या केल्या, खिचडीचा हिशोब केला, रोज दहा लिंका भरल्या. उरलेल्या वेळात चौपन्न पोरं. राज्यभर २५ एप्रिलपर्यंत परीक्षा आणि १ मेला निकाल, म्हणजे पेपर तपासायला रात्रीचेच तास. टँकरवर फुली मारताना त्यांचा डोळा लागला असेल, तर माझी तक्रार नाही. तक्रार त्यांच्या वरच्यांबद्दल आहे, आणि त्यांचेही वरचे असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ठरवलं, आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवायचं नाही. चांगलं होतं! नापास नको म्हणजे शिकवणं नको, असा त्याचा अर्थ कुणी लावला? सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन म्हणे. पोराला काय येत नाही ते वेळच्या वेळी कळावं, त्याच वेळी शिकवावं, यासाठी होतं ना ते? त्याचं झालं 'रांगोळी सुबक काढते'. मग दहा वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की पोरांना काही येत नाही. २०१९ ला कायदा बदलला, पाचवी-आठवीला अडवायची मोकळीक दिली, आपल्याकडं २०२३-२४ पासून ते सुरूही झालं. आजारी माणसाला औषध द्यायचं सोडून थर्मामीटर बदलला. त्याच वर्षी पुस्तकातच वहीची कोरी पानं शिवून दिली, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. दोन वर्षांत तीही योजना बंद. आमच्याच्या पुस्तकातली ती पानं अजून कोरीच आहेत. दप्तर वजन करून बघितलं नाही मी, पण...

पेपरही कोराच होता.

टँकरचं मी महिनाभर सांगत फिरतोय. आडतीवर, चहाच्या गाड्यावर, पाहुण्यांत. लोक हसतात, मलाही बरं वाटतं. पण त्या दिवशी स्टाफरूममध्ये तिसरं पान उलटल्यावर पुढं काहीच नव्हतं. जोड्या लावा नाही, कारणे द्या नाही, नकाशा नाही. सरांनी कागद माझ्यापुढं सरकवला: तोंडीला १० पैकी ७, लेखीला ४० पैकी ५. दुसऱ्यांच्या हिशोबपट्टीत किलोभर कट्टी, म्हणजे वजनातली कपात, जास्त लागली तर मला दिसते. हा फरक समोर असून मी १७ आणि १८ मोजत बसलो होतो.

घरी आल्यावर धाकटीचं दुसरीचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. वाच म्हटलं. त्यानं बोट ठेवलं. जोडाक्षर आलं की थांबायचा, माझ्या तोंडाकडं बघायचा, मग अंदाजानं भलताच शब्द ठोकून द्यायचा. अर्ध्या पानाला आठ मिनिटं लागली. प्रश्न वाचून होईपर्यंत त्याची वेळ संपत होती. विचारलं की सगळं सांगतो. टँकर किती हजार लिटरचा, किती दिवसांनी येतो, कुणाकडं किती बॅरल. त्याला वाचता येत नाही, एवढंच. पाच वर्षं शाळेत जाऊन!

आणि तुम्ही हसताय कशाला? तुमच्या घरच्याला कधी समोर बसवून एक पान वाचून घेतलंय? 'इंग्लिश मीडियमला आहे' हे उत्तर नको. पोरांना किती वाचता येतं ते घरोघर तपासणारी 'असर'ची २०२४ ची पाहणी आहे, देशाच्या खेड्यापाड्यांतली निम्म्याहून जास्त पाचवीची पोरं दुसरीचा उतारा वाचू शकत नाहीत. ती सगळी काय माझीच आहेत? तुमच्याच गल्लीत आहेत, तुमच्याच घरात असतील. पण तुम्हाला टक्के पाहिजेत. मामाला टक्के, शेजारणीला टक्के, अक्काला तर दोन दशांश स्थळांपर्यंत पाहिजेत. लेकरू दारात चप्पल काढत असताना तुम्ही त्याच्या देखत विचारता, "मग, ह्याचं काय झालं?" लाज वाटत नाही? दहा वर्षांचं आहे ते. त्या दिवसापासून ते गच्चीवर जाऊन बसतं, पाहुणे गेल्याशिवाय खाली येत नाही. जेवायला हाक मारली तर आधी विचारतं, "गेले का?"

आणि तुम्ही, साहेब लोक. चार वर्षं वर ढकललं, पाचव्या वर्षी दारात अडवलं. मधे शिकवायचं कुणी, ते कुठल्या जीआरमध्ये आहे? पुनर्परीक्षा जूनमध्ये, आणि मे महिनाभर शाळेला कुलूप. परीक्षा दोनदा घेता येते तुम्हाला, एकदा शिकवता येत नाही? नियमात आहे, नापास मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं. कुणी दिलं? कुठं? ते कुलूप उघडून दाखवा मला. की मार्गदर्शन एसी ऑफिसात आठ हजाराला मिळतं, तेच ते?

माझ्याकडं आठ हजार नाहीत, आणि असते तरी त्या पोरीला मी सहावी विकत मागणार नव्हतो. आडत बंद करून मी नऊला घरी येतो. साडेनऊला आम्ही दोघं गच्चीवर बसतो, धाकटीचं पुस्तक, बल्ब आणि डास. प्रगतीपुस्तकावर डोळे झाकून सही करणारा मीच होतो, तेव्हा ती फेडायची माझ्यावरच आली. टँकर कुठं लिहायचा आणि नदी कुठं, ते शेवटच्या आठवड्यात बघू.

काल अर्धं पान सहा मिनिटांवर आलं. मधे अक्काचा फोन वाजत होता. वाजू दिला.