‘परप्रांतीयांनी आणलेले त्वचारोग’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: परप्रांतातून येणारे मजूर, रखवालदार आणि घरकामगार शहरात त्वचारोग घेऊन येतात, खरूज, गजकर्ण, सोरायसिस, कोड आणि कुष्ठरोग हे सगळे स्पर्शाने पसरतात, अस्वच्छता हे त्यांचे मूळ आहे, शिवाय हे रोग बव्हंशी मनाचे असल्याने चिंता सोडली की बरे होतात, म्हणून ज्याच्या अंगावर चट्टा दिसेल त्याला इमारतीत कामावर ठेवू नये. जो आजार स्पर्शाने पसरतो तोच निव्वळ मनातून कसा उपजतो, याचे उत्तर संदेशात नाही. तरीही यातला एकेक दावा तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण असा संदेश वाचून कोणाची तरी नोकरी जाते आणि कोणीतरी आपला डाग लपवू लागतो.

‘हे पाचही रोग स्पर्शाने पसरतात.’ सोरायसिस आणि कोड यांपैकी एकही संसर्गजन्य नाही. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा त्वचेतच दाह निर्माण करते आणि त्वचेच्या पेशी प्रमाणाबाहेर वेगाने वाढतात; कोडामध्ये त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. सोरायसिसच्या रुग्णाचा टॉवेल वापरला म्हणून कोणालाही सोरायसिस होत नाही. जागतिक आरोग्य सभेने २०१४ साली सोरायसिसविषयी स्वतंत्र ठराव केला आणि त्यात हा आजार असंसर्गजन्य असल्याचे स्पष्टपणे नमूद केले.

कुष्ठरोगाबाबत अधिक सविस्तर लिहायला हवे, कारण या भीतीचा मुंबईतला इतिहास जुना आहे. वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० सालचे आहे आणि रुग्णांना वेगळे काढण्याची परवानगी देणारा १८९८ चा कायदा आपल्याकडे २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानण्याची तरतूद तर २०१९ पर्यंत कायद्यात होती. प्रत्यक्षात या जंतूची वाढ अतिशय संथ असते, बहुसंख्य माणसांमध्ये त्याच्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, आणि लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जाऊ शकतात. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ आणि निकट सहवासात हा रोग पसरतो; हात मिळवल्याने किंवा शेजारी बसल्याने नाही. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारा बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिन्यांचा असतो आणि तो सुरू झाला की रुग्णापासून इतरांना धोका उरत नाही. त्यामुळे संसर्गाचा धोका राहतो तो केवळ उपचाराविना राहिलेल्या रुग्णापासून. बधिर चट्टा दिसला तर काम जाईल, हे ज्याला ठाऊक आहे तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालून दिवस काढतो, तोवर हातापायांच्या नसा निकामी होऊ लागतात, आणि रोग थांबवण्याची संधी हातची जाते.

खरूज आणि गजकर्ण मात्र खरोखर संसर्गजन्य आहेत. तेव्हा पुढचा प्रश्न असा की ते ‘बाहेरून आणले जातात’ काय.

खरजेचा किडा त्वचेच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालतो. ज्याला पूर्वी खरूज झालेली नाही त्याला लागणीनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी खाज सुरू होते. म्हणजे गेले वर्षभर मुंबईतच राहणाऱ्या मजुराच्या बोटांच्या बेचक्यांत आज पुरळ उठले असेल, तर त्याला लागण बहुधा याच शहरात झालेली असते. ती कोठे झाली हे शोधायला फार दूर जावे लागत नाही. दहा बाय दहाची खोली, वर पोटमाळा, आठ-दहा माणसे, त्यांत काही दिवसपाळीची आणि काही रातपाळीची. एक उठला की त्याच अंथरुणावर दुसरा आडवा होतो. पाणी सकाळी ठरावीक वेळ येते, आणि त्यात चादरी धुण्याइतके पाणी कोणाच्या वाट्याला येत नाही. खरजेचा प्रसार प्रामुख्याने त्वचेला त्वचा बराच वेळ लागून राहिल्याने होतो, त्यामुळे रोज नेमाने आंघोळ करणाऱ्यालाही अशा खोलीत खरूज होतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कोणत्याही एका वेळी जगात सुमारे २० कोटी लोकांना खरूज असते, आणि २०१७ मध्ये तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत करण्यात आला. तेव्हा अस्वच्छतेचा ठपका माणसावर ठेवण्याआधी त्याला मिळालेल्या जागेकडे आणि पाण्याकडे पाहावे लागते.

रत्नागिरी आणि साताऱ्याहून गिरणीत कामाला आलेली माणसेही गिरणगावात अशीच पाळ्यांनुसार निजत असत, आणि हा संदेश पुढे पाठवणाऱ्या अनेकांचे आजोबा त्यांतलेच होते. १८९६ च्या प्लेगमध्ये तर रोग शहरात पसरला आणि जीव वाचवायला गावी पळालेल्यांबरोबर मुंबईबाहेर गेला.

गजकर्णाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. गेल्या दशकभरात भारतात गजकर्ण हट्टी झाले आहे, ते वारंवार उलटते, आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. यामागे असलेल्या बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. टर्बिनाफिन या प्रमुख औषधाला ती अनेकदा जुमानत नाही. असे का झाले याची चर्चा करताना त्वचारोगतज्ज्ञ पुन्हा पुन्हा एका ट्यूबकडे बोट दाखवतात: जीवाणूरोधक, बुरशीरोधक आणि जोरकस स्टेरॉइड एकत्र असलेले मलम. नाक्यावरच्या मेडिकलमध्ये ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटले की चिठ्ठीशिवाय ते हातात पडते. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज आणि लाली ओसरते, बुरशी मात्र आत वाढत राहते, आणि मलम थांबवले की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परततो. अशी स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा बदल सरकारने २०१८ मध्ये नियमांत केला. काउंटरवरची विक्री त्याने थांबलेली नाही. सरकारी रुग्णालयाची ओपीडी सकाळची असते, केसपेपरच्या रांगेत अर्धा दिवस जातो, आणि रोजंदारीवरच्या माणसाचा पूर्ण दिवसाचा रोज बुडतो. त्याने ट्यूबचा रस्ता धरला, यात दोष त्याच्या प्रांताचा नाही. हीच ट्यूब याच इमारतींमधल्या घरांतही असते.

संदेशात जिचा उल्लेखच नाही अशी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: हे शहर स्थलांतरितांच्या त्वचेला काय देते. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या बिगाऱ्याचे हात एकदा नीट पाहावेत. बोटांची पेरे जाड झालेली, तळव्यावर खोल भेगा, नखांच्या कडेला पांढुरके कवच, आणि मनगटाजवळ हातमोजा संपतो तिथे ओलसर इसब. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यातल्या विद्राव्य क्रोमियममुळे ॲलर्जी होते; ती एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. डेन्मार्कने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून या क्रोमियमचे प्रमाण घटवले, आणि २००५ पासून युरोपीय संघात ही मर्यादा दशलक्षात दोन भाग इतकी झाली. त्यानंतर तिथल्या बांधकाम कामगारांमधील ही ॲलर्जी लक्षणीयरीत्या कमी झाली. आपल्या इमारती ज्या हातांनी उभ्या राहिल्या त्यांचे इसब पाहून त्याच इमारतीचे दार बंद करणे हा मोठा अन्याय आहे, आणि हे इसब कोणालाही लागत नाही.

राहिला ‘मनाचा आजार’. त्वचा आणि मन यांचा संबंध खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, त्वचारोगतज्ज्ञ फ्लॉरेन्स डालगार्ड यांच्या नेतृत्वाखालील १३ युरोपीय देशांतल्या अभ्यासात त्वचारोगाच्या रुग्णांपैकी १०.१ टक्क्यांमध्ये नैराश्य आढळले, तर तुलनेसाठी घेतलेल्या गटात हे प्रमाण ४.३ टक्के होते. आत्महत्येचे विचारही रुग्णांमध्ये अधिक होते. त्याआधी ओस्लोमध्ये २०००-०१ साली झालेल्या, १८ हजारांहून अधिक प्रौढांच्या सर्वेक्षणात मानसिक त्रास आणि खाज यांची सांगड दिसली होती, आणि काही स्थलांतरित गटांमध्ये खाजेची तक्रार अधिक होती. अशा एकवेळच्या पाहणीतून आधी काय आणि नंतर काय हे ठरत नाही; परंतु घरापासून दूर, अनिश्चित कामावर आणि तुसड्या नजरांखाली जगणाऱ्या माणसाची खाज समजून घ्यायची तर त्याच्या त्वचेबरोबर त्याच्या परिस्थितीचीही चौकशी करावी लागते, एवढे त्यातून निश्चित कळते. १९९८ च्या एका छोट्या प्रयोगात प्रकाशोपचार घेताना ध्यानाच्या ध्वनिफिती ऐकणाऱ्या सोरायसिसच्या रुग्णांची त्वचा इतरांपेक्षा लवकर सुधारली. मात्र त्या सर्वांना प्रकाशोपचार मिळत होताच. मनाची काळजी घेतल्याने औषधाला साथ मिळते, औषधाची जागा भरून निघत नाही. ‘चिंता सोड’ एवढेच सांगून रुग्णाला परत पाठवले तर आजारासाठी तो स्वतःलाच दोषी मानू लागतो.

आता संदेशातली शिफारस: चट्टा दिसला की कामावरून काढा. खरूज झालेल्या रखवालदाराला काढले तर तो दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या इमारतीत जाईल आणि किडा त्याच्याबरोबर जाईल. संस्थेला खरोखर काही करायचे असेल तर त्याला पगारी सुटी देऊन डॉक्टरकडे पाठवावे आणि त्याच्या खोलीत निजणाऱ्या प्रत्येकासाठी, खाज असो वा नसो, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध आणून द्यावे. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचे असते, बोटांच्या बेचक्या आणि नखांखालची जागा न सोडता, आणि साधारण आठवड्याने पुन्हा एकदा. कपडे आणि चादरी दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाण्यात धुवायच्या असतात. त्यासाठी संस्थेच्या टाकीतले पाणी आणि वाळत घालायला गच्ची त्यांना मिळाली पाहिजे.