म्हणे, गप्प बसलात तर गुन्हा कबूल!

सोसायटीतल्या मारामारीबद्दल पोलिसांना माझ्या मावशीचा जबाब हवाय. ती साक्षीदार आहे, आरोपी नाही. तरी बाईंनी बीपीच्या गोळ्या आणि शाल पिशवीत भरून ठेवली. कारण ग्रुपवर फिरणारा मेसेज: '१ जुलै २०२४ पासून नवा कायदा. पोलिसांनी बोलावलं की ठाण्यात जावंच लागतं. गप्प बसलात तर गुन्हा कबूल धरतात. जबाबावर सही सक्तीची. ९० दिवस लॉकअप, वकील नाही.'

नवा कायदा आला, एवढं खरं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तिच्या कलम १७९ प्रमाणे साक्षीदार बाई असेल किंवा साठीच्या पुढची व्यक्ती असेल, तर पोलिसांनीच घरी यायचं. मावशी दोन्हींत बसते. शिवाय बोलवायचं तर लेखी आदेश लागतो, तिला नुसता फोन आलाय.

पण 'गप्प बसणं म्हणजे कबुली' हे कुठल्या शहाण्याने लिहिलं? १९७७ साली ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना कटकच्या दक्षता पोलीस ठाण्यात बोलावून प्रश्नांची लेखी यादीच पुढे ठेवली. त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला, म्हणून खटला भरला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९७८ च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केलं की स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, हे घटनेच्या कलम २०(३) चं संरक्षण पोलिसांच्या चौकशीपासूनच लागू होतं, कोर्टात उभं राहीपर्यंत थांबावं लागत नाही. बाईला ठाण्यात बोलावल्याबद्दलही कोर्टाने पोलिसांना सुनावलं. हां, सरसकट मौनाची मुभा नाही. ज्या उत्तराने आपणच अडकू ते टाळता येतं, बाकीची खरी द्यावी लागतात.

सहीचं तर बरोब्बर उलटं. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायचीच नाही, असं याच नव्या संहितेचं कलम १८१ म्हणतं. पंचनामा, समजपत्र, अटकेचा कागद यांवरच्या सह्या वेगळ्या. कोऱ्या कागदावर कसलीच नाही.

९० दिवसांत अर्धं खरं आहे, मान्य. अटकेनंतर प्रवास वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं, आणि नेहमीच्या गुन्ह्यांत पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांचीच. पूर्वी ती पहिल्या पंधरवड्यातच घ्यावी लागे, आता पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. हे मला मुळीच पटलेलं नाही. पण ९० हा आकडा गंभीर गुन्ह्यात आरोपपत्राच्या मुदतीचा आहे, लॉकअपचा नव्हे.

राहिला वकील. कलम ३८ प्रमाणे अटकेतल्या माणसाला चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, फक्त तो पूर्णवेळ शेजारी बसू शकत नाही. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, आणि कोठडीतल्या माणसाला किंवा कुठल्याही बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.